बाटलीवर वावराचं नाव

फ्रेंच वाइन आणि लिकरच्या बाटल्या जमवायचा माझा नाद तुम्हाला माहीतच आहे. पिण्यापेक्षा लेबलं वाचण्यात मला जास्त रस. तर त्या शनिवारी सणसवाडीहून ड्यूटी करून कासुर्डीला घरी पोचलो, आणि बघतो तर रिकाम्या करून जपलेल्या माझ्या अकरा बाटल्या ओट्यावर उभ्या. लेबलं खरवडलेली आणि आत आमच्या गुऱ्हाळातली काकवी!

"आप्पा, हे काय केलंत?" मी वडिलांवर ओरडलोच.

"उद्या तुझ्यासाठी पाव्हणं यायचं हायेत. कपाटात दारूच्या बाटल्या दिसल्यावर पोरगी देतील व्हय? आन् काच झकास हाय, काकवीला बरी."

"अहो, त्या लेबलांवर गावाचं नाव होतं, शेतकऱ्याचं नाव होतं. कुठल्या वावरातली द्राक्षं, कुठल्या सालची, सगळं छापलेलं होतं!"

आप्पा थबकले. "वावराचं नाव? बाटलीवर?"

"हो!"

"मग आपल्या गुळाच्या खोक्यावर आडत्याचंच नाव का रं?"

आडत्याच्या नाही, आपल्या नावानं गूळ विका, म्हणून तीन वर्षं मी त्यांच्याशी ह्याच मुद्द्यावर भांडत होतो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निघताना आप्पांनी एक बाटली दिली. वर त्यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला: 'काकवी. विहिरीचं वावर, कासुर्डी.' खाली साल आणि त्यांचं पूर्ण नाव.

मुलीच्या मामांनी बाटली फिरवून पाहिली. "कुठल्या कंपनीची हो?"

आप्पा ताठ झाले. "कंपनीची न्हाई पाव्हणं, वावराची हाय. वाचा की वरचं!"