शेपटीवरची खाच

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या बेटावर, पलीकडे नेणाऱ्या बोटीच्या रांगेत माझ्यापुढे डॉर्कस आणि तिची नणंद इडा उभ्या होत्या. ऐकू नये ते ऐकलं. कानांना काय झाकणं असतात?

"काल डॅरिलने चार शेवंडी आणल्या, वन्सं. समुद्राचंच पाणी उकळून त्यात सोडल्या. लाल झाल्यावर काढल्या, तर एकीच्या शेपटीवर खाच!"

"गाभोळीवाली म्हणून कुणीतरी खूण करून सोडलेली, जिला धरायला कायद्याने बंदी, ती तुझ्या लेकाने घरी आणली?"

"घाईत दिसली नाही म्हणतो."

"माझ्या नवऱ्याला, क्लाइडलाही दिसली नव्हती. डॅरिलने त्याला धक्क्यावर सगळ्यांसमोर चोर म्हटलं. तू म्हणालीस, बरोबर बोलला पोरगा. क्लाइडने बोट विकली, वहिनी."

"म्हणून तर तुलाच सांगतेय."

"मग फेकलीस ना ती?"

"पाद्रीबाबा जेवायला होते गं. खाचेचा तुकडा मोडून चुलीत टाकला आणि वाढली."

"आणि तू?"

"खाल्ली. लोण्यात बुडवून. दुसऱ्यांदाही घेतली."

"क्लाइड त्या गाडीत बसलाय. जा, सांग त्याला."

"बोट सुटेल ना!"

"अजून आलीसुद्धा नाही, वहिनी."