एकविसावा कम्प्युटर

सरांनी कोणालाच सांगू नको म्हणून बजावलंय, तरी तुम्हाला सांगते. दुसऱ्या दिवशी आमची प्रोग्रॅमिंगची परीक्षा, आणि लॅबच्या वीसही कम्प्युटरवर पायथन जुनं. आमचे प्रोग्रॅम त्यावर चालेनात. सर पेन ड्राइव्ह घेऊन एकेकावर नवीन टाकत होते. तासाभरात तीनच झाले, आणि चार वाजता लाइट जाणार होती.

मी वर्गात कधी बोलत नाही, पण तेव्हा बोलले, "सर, नेटवर्कवरून एकाच कमांडने सगळीकडे टाकता येईल."

"तुला येतं? मग बस इथं!"

मी एंटर दाबलं. एकेक नंबर पूर्ण होऊ लागला, तशा पोरी ओरडून मोजू लागल्या. अठरा, एकोणीस, वीस! टाळ्या! आणि मग... एकवीस.

"एकविसावा कोणाचा गं?" सर म्हणाले.

तेवढ्यात ऑफिसचे क्लार्क काका धापा टाकत दारात; त्यांचा कम्प्युटरही लॅबच्याच नेटवर्कवर. "सर, मन्हा कम्प्युटर आपोआप चाली ऱ्हायना! मी हातबी नही लावा!"

परीक्षा मस्त झाली. सरांनी काकांना त्या नव्या पायथनवर मुलींची टक्केवारी काढायला शिकवलं. आता हे टाकलं कोणी, असं ते भेटेल त्याला विचारतात, "हाई भारी शे, पण टाकं कोन्ही?" काल मलाही विचारलं. मी खाली मान घालून म्हटलं, काका, ते तर... थांबा, दारातून मैत्रीण मला हाक मारतेय.

"चेतना! ऑफिसमा चाल, काका तुले बलाई ऱ्हायनात!"