देव निघाले अंदमानाला

न्हाय, तुमीच सांगा, हटलेलं पाणी परत येतं का? आमच्या अणदूरच्या तळ्याचं पाणी दिवाळीनंतर जे मागं सरकतंय, ते मृगाबिगर माघारी येत न्हाय! तिथं म्या मेंढरं बसवितो, सोता झोपतो! आन् ही हरणाबाई, माझी बायकू, साऱ्या गावाला सांगत सुटलीय, ‘ह्यांनी देव समिंदरात बुडविला’... अवो, बुडविला न्हाय! ठिवला हुता! कोरड्या दगडावर!

तुमाला सांगतो, गेल्या साली म्या तर जाणारच नव्हतो. पर आमचा मल्हार, नोकरीवाला लेक, हट्टाला पेटला. ‘बाबा, अंदमान बघायचं म्हंजे बघायचं!’ बरं बाबा. तर हरणाबाईनं देव्हाऱ्यातला खंडोबाच उचलला! चांदीचा टाक, माझ्या आज्यानं पुजलेला. ‘मागं देवाला फूल कोण वाहील?’ म्या म्हणलं, शेजारी देऊ. तर म्हणती, ‘खुद्द अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला मुक्कामाला जातो, मग घरच्यानं काय पाप केलंय?’ काय बोलावं! वर समिंदराची ओटी भरायला गावाहून नारळ! नारळाच्या बेटावर नारळ घेऊन जाणारी माणसं आमी!

पैल्यांदा तो काळ्या पाण्याचा तुरुंग बघितला. गाईड म्हणतोय, ‘चाचा, यहाँ बैल की जगह कैदी को कोल्हू में जोतते थे, तेल निकालने.’ तेलाच्या घाण्याला माणूस! लई वाईट वाटलं, खरं सांगतो. आमी बैलाला बी दुपारचं सोडतो की वो! चौफेर पाणी, पळायचं तरी कुठं? तवापासनं त्या पाण्याचं भ्याच बसलं बघा पोटात.

मग बोटीनं नील बेटाला. तिथली माणसं बंगाली बोलणार, भातावर मासळी खाणार, आन् आमी झाडाखाली बसून कडक भाकरी आन् शेंगाची चटणी. म्या म्हणलं, समिंदर कुठाय? तर पार लांब हटलेला! उघड्या खडकावर माणसं हिंडतेत. हरणाबाईनं पिशवी माझ्या हातात दिली. ‘देव हाय त्यात. नारळ बी हाय. सांभाळा,’ म्हणली आन् गेली शिंपले येचायला. तेवढ्यात मल्हार लांबून, ‘बाबा, या की! जिवंत प्रवाळ बघा!’ आता त्या निसरड्या खडकावरनं देव कसा न्यायचा? पिशवीचं तोंड बांधलं, कोरड्या दगडावर ठिवली, हात जोडले, गेलो. आमच्याकडं हटलेलं पाणी परत येतं का? सांगा!

घडीभरानं मागं बघतो... दगडच न्हाय! नुस्तं पाणी! गाईड निवांत. ‘चाचा, ज्वार आ गया. रोज आता है.’ भरती! आन् रोज? अरे, मग पैलं सांगायचं न्हाय का! आज्याचा देव, बापाचा देव, आन् घालविला कुणी? म्या! मला पोहता येत न्हाय, आमच्याकडं पोहण्याइतकं पाणी असतंय कवा? तरी शिरलो. गुडघा... कंबर... छाती! मल्हार बोंबलतोय, ‘बाबा, फिरा माघारी!’ आन् माझ्या तोंडातनं मोठ्यांदा निघून गेलं, ‘खंडेराया, सापड! दरसाल तुला हितं आणून आंघोळ घालीन!’

आन् काय सांगू... पिशवी तरंगत आली! तो नारळ वो! अणदूरच्या नारळानं देवाला वर धरलं! म्या पिशवी छातीशी धरून ढसाढसा रडलो, लाज न्हाय वाटली.

काठावर हरणाबाई उभी. तिनं देव पदरानं पुसला, कपाळाला लावला, मग माझ्याकडं बघितलं. ‘नवस समद्यांनी ऐकलाय बरं का.’

झालं! औंदाची तिकिटं मल्हारनं काढली बी. हसू नका! व्हय, येतं, हटलेलं पाणी परत येतं... आन् आता दरसाल म्या बी. यंदा मातुर नारळ दोन घेतलेत. एक देवासाठी, एक माझ्यासाठी!