तीन हातांचा चांदवा

“हात चालू दे, सगुणे, जीभ आवर! शिवताना बोललं की भक्ती सांडते!” — आई जाऊन वर्षं लोटली, पण सुई हाती घेतली की सगुणेच्या कानाशी हेच शब्द. मग मंडळी, एक विचारते, उत्तर मनाशीच धरा — देवीला काय गोड लागतं? आपलं मौन, की शेजारणीला विचारलेला एक शब्द?

ऐका तर! लेकीचा ताप उतरेना, तेव्हा सगुणेनं नवस बोलला — ‘आई, पोर बरी होऊ दे, तुझ्या पालखीवर तीन घरच्या हातांचा चांदवा धरीन!’ पोर बरी झाली. मग एक पट्टी सगुणेची, एक शेजारच्या यमुनेची, एक वेगळं बिऱ्हाड केलेल्या धाकट्या जावेची, भागीची. नेम घातला सगुणेनंच — ‘सात-सात विती लांब. आपापल्या घरी शिवा. आणि चांदवा जोडून होईतो, कापडाला हात लावला की मौन!’

पालखीचा दिवस उजाडला. दुपारी देवळात तिघी जमल्या. धुपाचा निळा धूर, खांबांवरून सरकणारं ऊन, फरशीवर पिवळी कापडं — जणू झोपेत वाहणारी नदी! पट्ट्या शेजारी-शेजारी अंथरल्या… आणि काय! यमुनेची लांब, सगुणेची मधली, भागीची आखूडच आखूड!

बोलायचं तर नाही! सगुणा हात उडवते, डोळे वटारते. यमुनेला वाटलं, पाणी मागतेय — तिनं तांब्या पुढं केला! (हसता काय? तुमच्या घरी मुक्यानं भांडणं होत नाहीत?) मग सगुणेनं भागीला चिमूट करून दाखवली — एवढुसं? कापड वाचवलंस? भागीचे डोळे भरले. पट्टी तिथंच ठेवून ती उठून गेली — निमूट, नेम पाळत!

यमुनेला राहवेना. “मोडला बाई माझा नेम! सगुणाताई, हात आण इकडं.” तळव्याला तळवा लावला. यमुनेची बोटं पेरभर वर! “बघ. आणि भागीचा पंजा तर पोरीएवढा. सात वितीच मोजल्या गं तिघींनी — जिनं तिनं आपल्या हातानं!”

“मग आधी बोलली का नाहीस?”

“तूच कुलूप घातलंस की तोंडाला!”

अहो, सगुणेचंही मौन सुटलं होतं — तिला कळलंसुद्धा नाही! ती देवीकडं बघत राहिली. धुरात तो मुखवटा हलल्यासारखा झाला. की तिच्याच डोळ्यांत पाणी होतं?

“हात तिघींचे घेतले, विचार मात्र माझ्या एकटीचा,” ती हळूच म्हणाली. “आता तू सांग, काय करू?”

“एका दोरीनं मोजू. आखूड पट्ट्यांना काठ लावू. पण काठ जोडावा तर भागीनंच.”

“तिला मी आणते. आधी तिच्या उंबऱ्यावर माफी मागते. शब्द देते तुला.”

आता तुम्ही बोला! उत्सवाचा मंडप घालता, महाप्रसादाच्या चुली पेटवता — जो तो आपल्या वितीनं मोजतो, आणि आखूड निघालं की बोट शेजाऱ्याकडं! विचारलंत कधी, “बाई, तुझा हात केवढा?” आधी तळव्याला तळवा लावा, मायबापहो, मग खुशाल मौन धरा.

ती बघा… ऊन कलतंय, पालखीचे भोई अजून यायचे आहेत. सगुणेनं पदर सावरला, अनवाणीच पायऱ्या उतरली, आणि भागीच्या घराची वाट धरली.