बारीक जाळी

लालबागच्या हार्डवेअरच्या दुकानात पद्मजाच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा उभे होते.

“बाबा, तिसऱ्यांदा जाळी घेताय. उंदीर गाडीत पुन्हा शिरणारच.”

“बेसिनचा पाण्याचा पाइप आत येतो ना, तिथूनच शिरतात. या वेळी ते भोक बुजवतो.”

“गादी कुरतडली, वायरी खाल्ल्या. विकून टाका ना ती गाडी!”

“तिच्यातच राहायचं, तिच्यातच रांधायचं आणि कन्याकुमारी गाठायची. तुझ्या आईला शब्द दिलाय मी.”

“डॉक्टर आईबद्दल काय म्हणाले, ऐकलंत ना?”

“ऐकलं रे. पण ती रोज विचारते, गाडी तयार झाली का?”

“मग काय सांगता?”

“फक्त पडदे राहिलेत म्हणतो.”

दुकानदाराने विचारलं, “कुठली जाळी देऊ?”

“बारीक भोकांची द्या,” मुलगा म्हणाला.