यात तू कुठे आहेस?

नाही, पण मला एक सांगा, बेस गिटार वाजवणाऱ्यानं काही गुन्हा केलाय का? अकरा वर्षं वाजवतोय हो, अकरा! आणि दर वेळी आमचे बाबा गाणं शेवटपर्यंत ऐकतात, मान डोलावतात आणि विचारतात, "छान आहे. पण यात तू कुठे आहेस?" एकदा म्हटलं, बाबा, ते खालून धुम धुम येतंय ना, तो मी. तर म्हणाले, "ते होय? मला वाटलं शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन."

म्हणून तुम्हाला सांगतो, यंदा आमच्या चौघांच्या बँडनं स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली तेव्हा सगळ्यांत जास्त मी नाचलो! मागच्या अल्बमला बाहेरच्या कंपनीवाल्यानं माझा आवाज पार तळाला घातला होता. आता कोण घालतोय? मालक आपणच! गायकाच्या मामांचा सोफे दुरुस्तीचा कारखाना आहे, तिथं स्टुडिओ थाटला. भिंतींना गाद्या, दाराला गाद्या, ड्रमर तर दोन सोफ्यांच्या मागे असा कोंबला की तीन दिवस नुसत्या काठ्या दिसत होत्या... पण वाजलं काय! अंगावर काटा, अजून येतोय, हा बघा!

रेकॉर्डिंगला आणि मिक्सिंगला, म्हणजे सगळ्यांचे आवाज जुळवायला, ड्रमरच्या वहिनी, आवाजाचं रीतसर शिकलेल्या. मी हळूच त्यांना गाठलं. "वहिनी, माझं तेवढं वाढवा. मालक आहे मी." वाढवलं त्यांनी. आठवड्यानं ऐकायला बसलो... मी कुठेच नाही! वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, चारही मालक येऊन गेले. चौघांचं सारखंच वाढवलंय. म्हणजे तुम्ही होतात तिथंच आहात."

मालक आपणच!

तरी आशा होती हो, शेवटचं एक गाणं अजून रेकॉर्ड व्हायचं होतं. त्या गाण्याचा शेवटचा सूर माझा एकट्याचा, लांबलचक. तो विरेपर्यंत श्वास रोखून बसायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला राहवलं नाही. सूर पुरता विरायच्या आत मी विचारलं, "वहिनी, माझं ऐकू आलं का?" झालं रेकॉर्ड! म्हटलं, कापा ते. तर बाकीचे तिघं हसून लोळतायत, म्हणे राहू दे, मस्त वाटतंय. मतदान घेतलं. तीन मालक विरुद्ध एक मालक.

अल्बम आला. बाबांना लावून दिला आणि समोर बसलो. एक्केचाळीस मिनिटं बाबा डोळे मिटून मान डोलावतायत, मी त्यांच्या तोंडाकडे बघतोय, आता विचारतील, मग विचारतील... शेवटचा सूर आला, विरत गेला, आणि, "वहिनी, माझं ऐकू आलं का?"

बाबा ताडकन उठून बसले.

"अरे, हा तू!"

डोळ्यांत पाणी हो त्यांच्या. माझ्याही. "पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हा लावलं. सात वेळा.

तेव्हापासून घरी येईल त्याला बसवतात आणि एक्केचाळीस मिनिटं पुढे ढकलून तेवढंच ऐकवतात. मावशीला झालं, पोस्टमनला झालं. काल नळदुरुस्तीवाल्यानं विचारलं, "मुलगा वाजवतो काय?"

बाबा छाती फुगवून म्हणाले, "वाजवतात ते बाकीचे तिघं. हा बोलतो."

मीही मान डोलावली. काय करणार, ऐकू तर आलो!