पार्वतीचा सोमवार

चहा गार झाला तरी चालेल, पण माझ्या जावेचं हे ऐकाच गं. पार्वती ठाण्याच्या बाजारात मासे विकते. संधिवातानं तिची बोटं अशी सुजलेली की कोयता धरवेना. गिऱ्हाईक यायचं, मासे कापून मागायचं आणि शेजारणीकडे जायचं. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याची एकच गोळी दिलेली, सोमवारची. महिने गेले, पण काडीचा फरक नाही.

मी तिच्यासोबत तपासणीला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "गोळी लागू पडत नाही. आता इंजेक्शन सुरू करू."

पार्वतीचं तोंड एवढंसं झालं. मी विचारलं, "अगं, गोळी घेतेस ना?"

"सोमवारी कशी घेऊ? जेवणावर घ्यायची ना ती? सोमवारी माझा दिवसरात्र उपवास."

"मग मंगळवारी घ्यायची, मावशी!" बाई ओरडल्याच.

"वा! तुम्हीच दम दिलेला, सोमवार सोडून गोळीला हात लावायचा नाही. नाय लावला."

"म्हणजे एकही गोळी पोटात गेली नाही?"

"एकपण नाय. सगळ्या डब्यात नीट ठेवल्यात."

बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसत सुटल्या. इंजेक्शन राहिलं बाजूला. "बुधवारी काय जेवता?"

"बुधवारी? बोंबलाचं कालवण नि भात."

"मग गोळी त्याच्यावर. फक्त बुधवारीच."

आता पार्वतीचा कोयता पुन्हा चालतो, गिऱ्हाईकही परतलं. परवा तपासणीला गेलो, तर बाई आत एका नव्या म्हातारीला विचारत होत्या, "आजी, औषधाचं मागाहून. आधी सांगा, उपवास कुठल्या वारी?"